येत ओळखायचा कसा

सेनेगलची राजधानी डाकार सोडून दक्षिणेकडे निघाले की 'पेतित कोत' नावाचा किनारा लागतो. म्बूर, न्यानिंग, झोआल ही इथली मासेमारीची गावे. होड्या वाळूला लागल्या की माशांच्या टोपल्यांबरोबर फिकट तपकिरी रंगाचे मोठे शंख उतरतात. काही वीतभर असतात, काही फूटभर. मुखाबाहेर आलेला मांसल पाय इतका मोठा असतो की एवढा जीव त्या कवचात मावत कसा असेल, असा प्रश्न पडावा. वोलोफ भाषेत याला 'येत' म्हणतात. बायका त्याचे मांस बाहेर काढतात, चिरतात, दोन-चार दिवस आंबवतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. वास उग्र असतो, पण भातात त्याचा तुकडा पडला की चव बदलते. आपल्याकडे वालाच्या आमटीत मूठभर सोडे जे काम करतात, तेच तिथे थिएबू जेनमध्ये येत करतो. मासे, भाज्या आणि तांदूळ एकत्र शिजवून होणाऱ्या या पदार्थाचा समावेश युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

स्वयंपाकघरात येत हा येतच असतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या ढिगात एकाहून अधिक जाती असतात. व्होल्युटिडी या कुळातील सिम्बियम ही ती प्रजाती. तिच्यात सुमारे डझनभर जाती मानल्या जातात आणि जवळजवळ सगळ्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतात. या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न अडीचशे वर्षांहून जुना आहे. संग्राहकांनी तो कवचावर सोडवायचा प्रयत्न केला, अभ्यासकांनी बराच काळ त्यांचीच वाट धरली, आणि त्यामुळे घोळ वाढत गेला. माझे मत असे की रिकामे कवच हा या ओळखीचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. जिवंत प्राणी, त्याची पिल्ले आणि तो सापडला ती जागा, या तिन्हींची जोड मिळाल्याशिवाय येतची जात खात्रीने सांगता येत नाही.

आधी एवढे तरी ठरवावे लागते की समोरचा शंख सिम्बियमच आहे. हे तुलनेने सोपे आहे. कवच आकाराच्या मानाने पातळ आणि हलके असते. शेवटचे वेटोळे इतके वाढलेले असते की जवळजवळ अख्खा शंख म्हणजे तेच एक वेटोळे. मुख लांब-रुंद आणि खालच्या बाजूस ऐसपैस उघडे. मुखाच्या आतल्या कडेला, मध्यस्तंभावर, तिरक्या चुण्या असतात. या प्राण्याला मुख बंद करणारे झाकण नसते. त्याच किनाऱ्यावरच्या काटेरी म्युरेक्स-गोत्रातल्या शंखांना शिंगासारख्या द्रव्याचे झाकण असते, त्यामुळे जिवंत जनावर हातात असेल तर तिथेच फरक कळतो. टोना नावाचा फुगीर, पातळ शंखही आकाराने मोठा होतो, पण त्याच्या पृष्ठभागावर गोल फिरणाऱ्या ठळक पन्हळी असतात आणि मध्यस्तंभावर येतसारख्या चुण्या नसतात. कोन शंखाचे मुख चिरेसारखे अरुंद असते. जिभेवरची दंतपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर सिम्बियममध्ये दातांची एकच रांग दिसते आणि प्रत्येक दाताला तीन टोके असतात.

चुण्यांबाबत एक गोष्ट मराठी वाचकाला घरीच पडताळता येईल. देव्हाऱ्यातला शंख घ्या आणि मुखातून आत पाहा. मध्यस्तंभावर तीन-चार ठसठशीत चुण्या दिसतील. पण हा शंख, म्हणजे टर्बिनेला पायरम, व्होल्युटिडी कुळातला नाही. त्याचे कुळ वेगळे. म्हणजे चुण्या दिसल्या की व्होल्यूट, असे समीकरण चालत नाही. एका खुणेवर भरवसा ठेवला की फसगत होते, आणि येतच्या बाबतीत हे पुढे वारंवार घडलेले दिसते.

आणखी एक जुना गोंधळ इथेच मार्गी लावतो, कारण भारतातल्या कपाटांपर्यंत तो पोचलेला आहे. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या उबदार पाण्यात मेलो नावाची दुसरी प्रजाती राहते. तीही मोठी, फुगीर, रुंद मुखाची. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून शंखशिंपल्यांच्या बाजारात येणारा केशरी-पिवळा, गुळगुळीत, मोठा शंख म्हणजे मेलो मेलो. जुन्या पुस्तकांत आणि संग्रहांच्या चिठ्ठ्यांवर याचे नाव सिम्बियम मेलो असे आढळते, कारण एके काळी दोन्ही महासागरांतले हे शंख एकाच प्रजातीत घातले जात. चिठ्ठीवर सिम्बियम वाचून कुणी तो शंख पश्चिम आफ्रिकेचा समजला, तर चूक समजण्यासारखी आहे. कवचात साम्य आहेच, पण प्राण्याचे जगणे वेगळे आहे. मेलोची मादी समुद्रतळावर अंड्यांचा उभा, दंडगोलाकार पुंजका घालते. सिम्बियमची मादी अंडी बाहेर टाकतच नाही. पायातल्या ग्रंथीत ती अंडकोश बाळगते आणि कवच धारण केलेली, सरपटू शकणारी पिल्ले सोडते. एवढा एक फरक कळला की दोन प्रजाती एका नावाखाली ठेवणे किती वरवरचे होते ते ध्यानात येते.

आता खुद्द जातींकडे. सिम्बियम हातात घेतल्यावर नजर आधी टोकाकडे जायला हवी. सामान्य शंखाचे टोक म्हणजे वेटोळ्यांचा निमुळता मनोरा. सिम्बियममध्ये हा मनोरा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. शेवटचे वेटोळे उंच चढून जुन्या वेटोळ्यांना गिळल्यासारखे करते. टोकाच्या जागी एक खळगा राहतो, त्याभोवती खांद्याची कड असते, आणि वेटोळी जुळतात त्या शिवणीच्या जागी पन्हळ. खळग्याच्या तळाशी, दिसले तर, एक गुळगुळीत गोल गाठ दिसते. ती गाठ म्हणजे या जनावराचे बाळकवच, म्हणजे आईच्या पायातून बाहेर पडताना त्याच्या अंगावर होते तेवढे कवच. पुढे वाढलेला सगळा शंख त्या गाठीपासून सुरू झालेला असतो.

ही गाठ उघडी आहे की झाकलेली, तिच्यावर चकचकीत लेप चढला आहे की नाही, तिच्याभोवतीची पन्हळ किती खोल आहे आणि खांद्याची कड धारदार आहे, सपाट आहे की गोलावलेली आहे, या चार गोष्टींत ओळखीचा बराचसा भाग येतो. रंग आणि एकूण आकार नंतर पाहायचे. बाजारातला माणूस नेमके उलट करतो. आधी आकार, मग रंग आणि टोक शेवटी, पाहिलेच तर.

सिम्बियम ग्लान्स हा या घराण्यातला सर्वांत मोठा. फूटभर लांबी त्याला सहज गाठता येते, काही नमुने त्याहूनही मोठे आहेत. तो लांबट असतो, बाजू फारशा फुगलेल्या नसतात आणि मुख खालच्या दिशेने रुंदावत जाते. संग्राहक त्याला हत्तीच्या सोंडेचा व्होल्यूट म्हणतात. खांद्याची कड टोकाच्या वर आलेली असल्याने बाजूने पाहिले तर टोक दिसत नाही, शंख वरून कापल्यासारखा वाटतो. सेनेगलपासून गिनीच्या आखातापर्यंत तो सापडतो.

सिम्बियम पेपोही तितकाच भव्य, पण त्याची भव्यता रुंदीची आहे. तो भोपळ्यासारखा फुगलेला, खांदा गोलसर, मुख भलेमोठे. प्रौढपणी बाळकवच लेपाखाली गडप होते. जुन्या पुस्तकांत तो सिम्बियम नेप्च्युनी या नावाने भेटतो. ती वेगळी जात नाही, याच प्राण्याचे नंतर दिलेले नाव आहे. पूर्ण वाढलेला ग्लान्स आणि पूर्ण वाढलेला पेपो शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. पण किनाऱ्यावर उतरणारा माल पूर्ण वाढलेलाच असतो असे नाही, आणि अडचण नेमकी अर्धवट वाढलेल्या कवचांत येते.

खरी गफलत होते ती ग्लान्स आणि सिम्बियम सिम्बियम या जोडीत. हत्तीच्या सोंडेचे नाव ज्याला मिळाले त्याचा हा तोतया, असे संग्राहकांच्या नावांतच म्हटलेले आहे. सिम्बियम सिम्बियमचा आकारही नळकांड्यासारखा आहे. पण तो ग्लान्सपेक्षा बराच लहान राहतो आणि त्याचा माथा सपाट असतो. खळग्याभोवती रुंद, सपाट ओटा आणि ओट्याला धारदार कड, ही त्याची खूण. मॉरिटानिया आणि सेनेगलच्या बाजूला, थंड पाणी वर येते त्या पट्ट्यात तो भेटतो. मध्यम लांबीचा ग्लान्स समोर आला आणि मोजपट्टीवरच विसंबून निर्णय दिला, तर तो सिम्बियम सिम्बियम ठरतो. माथा पाहिला तर ही चूक होत नाही.

सिम्बियम ओला या सगळ्यांत वेगळा पडतो आणि ओळखायला सर्वांत सोपा. त्याचे बाळकवच मोठे असते आणि प्रौढपणीही उघडेच राहते. टोकावर गोल बोंडासारखी गाठ, तिच्याभोवती खोल पन्हळ आणि मध्यस्तंभावर ठळक दोनच चुण्या. लांबी बहुधा दहा-बारा सेंटिमीटर. तो दक्षिण पोर्तुगाल, दक्षिण स्पेन आणि मोरोक्कोच्या बाजूला राहतो. युरोपच्या पाण्यात आढळणारा सिम्बियम हाच. म्हणजे येतच्या घराण्याचे उत्तर टोक जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही अंगांना टेकले आहे.

उरलेल्यांपैकी मार्मोराटम त्याच्या संगमरवरासारख्या डागाळ नक्षीमुळे बहुधा ओळखू येतो. कुकुमिस लांबट आणि काकडीच्या अंगाचा. ट्रायटोनिस, पाटुलम, ग्रासिले, सेनेगालेन्स, सुलिएई, फ्राजिले यांच्याबाबत मात्र चित्रावरून निर्णय देणाऱ्याने जपून बोलावे. यांतले काही भेद इतके बारीक आहेत की ते तीस-चाळीस नमुने एकत्र मांडल्याशिवाय दिसत नाहीत.

ओळखीत घात करणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे वय. पिल्लाचे टोक उघडे असते आणि प्रौढाचे झाकलेले, त्यामुळे एकाच जातीची दोन वये दोन जाती वाटतात. दुसरी म्हणजे झीज. लाटांनी घासलेल्या कवचावरची बाह्यत्वचा आणि लेप निघून जातो, कड बोथट होते आणि ज्या खुणेवर भरवसा ठेवायचा तीच पुसली जाते. तिसरी म्हणजे रंग. ताज्या कवचाचा नारिंगी-तपकिरी रंग कपाटात वर्षानुवर्षे राहून फिकट होतो. मासेमारांनी फोडून मांस काढलेल्या कवचांत तर टोकाकडचाच भाग अनेकदा तुटलेला असतो. किनाऱ्यावरच्या ढिगातून चांगला नमुना निवडणारा माणूस नकळत मोठे, अखंड आणि देखणे शंख उचलतो, आणि संग्रहात त्या जातीचे एक सुशोभित, अपुरे रूप जाऊन बसते.

हा अपुरेपणा जुना आहे. मिशेल आदांसों हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ ते १७५४ या काळात सेनेगलमध्ये राहिला. १७५७ मध्ये त्याचा सेनेगलच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या शिंपल्यांच्या भागात त्याने स्थानिक लोकांकडून ऐकलेले नावच घेतले आणि या प्राण्याला 'येत' म्हटले. आदांसोंचे मोठेपण यात आहे की त्याने कवचाआड राहणारा जीव पाहिला. शंखांचे वर्गीकरण करताना त्यांच्या आतल्या प्राण्याची रचना विचारात घेतली पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. त्याच्या काळात हे फार पुढचे होते. पण प्राण्यांच्या नामकरणाचा शास्त्रीय हिशोब लिनियसच्या वर्गीकरणग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरला जातो. आदांसोंचा ग्रंथ एका वर्षाने आधीचा, म्हणून त्याने दिलेली नावे त्या हिशोबात बसत नाहीत. पुढे १८२२ मध्ये बाउडिचने 'येटस' असे प्रजातीनाव योजले, पण तेही आज सिम्बियमचे समानार्थी म्हणूनच उरले आहे.

लिनियसने १७५८ मध्ये ओला आणि सिम्बियम यांना व्होल्युटा या प्रजातीत ठेवून नावे दिली. त्यानंतरची नावे कुठून आली हे पाहणे फार उद्बोधक आहे. पेपोचे नाव १७८६ चे. ते लंडनमध्ये पोर्टलंडच्या डचेसच्या संग्रहाचा लिलाव झाला त्या वेळच्या यादीतून आले, आणि त्याचे श्रेय जॉन लाइटफूट यांना दिले जाते. सिम्बियम ही प्रजाती आणि कुकुमिस ही जात १७९८ मध्ये रोडिंग यांच्या नावावर जमा झाली. ही नावे हॅम्बुर्गच्या बोल्टेन नावाच्या वैद्याच्या संग्रहाच्या विक्रीच्या यादीत आली. मार्मोराटमचे नाव १८०७ मध्ये लिंक यांनी रॉस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहाचे वर्णन करताना दिले. लिलावाच्या यादीत शंखाची शोभा महत्त्वाची, जागा नाही. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला प्राणी कसा होता याच्याशी कर्तव्य नव्हते. ब्रॉडरिप यांनी १८३० मध्ये 'सिम्बा' हे प्रजातीनाव वापरून ग्रासिले, ट्रायटोनिस आणि पाटुलम यांची वर्णने दिली, तीही लंडनच्या कपाटांतल्या कवचांवरून. ज्या प्राण्याला आदांसोंने वाळूवर जिवंत पाहिले होते, त्याची ओळख पुढे दीर्घकाळ युरोपातल्या काचेच्या पेट्यांत ठरत राहिली. या माणसांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे. पण सिम्बियमच्या घोळाचे मूळ तिथेच आहे, हेही खरे.

वळण आले ते डाकारमध्ये. तिथल्या काळ्या आफ्रिकेच्या फ्रेंच संस्थेत, म्हणजे इफानमध्ये, इगोर मार्श-मार्शाद यांनी सिम्बियमच्या वाढीचा आणि प्रजननाचा अभ्यास केला. रोज होड्यांतून उतरणारे जिवंत येत त्यांच्या हाताशी होते. १९७४ मध्ये त्यांनी सेनेगालेन्स आणि सुलिएई या दोन जातींची वर्णने दिली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी रोसो यांच्याबरोबर सेनेगलच्या सिम्बियमांवर एक सविस्तर लेख लिहिला. जातींची यादी त्यानंतरही वाढली. १९८५ मध्ये फिटकाउ आणि श्ट्युर्मर यांनी फ्राजिले मांडली, २०१७ मध्ये फ्रँक नोल्फ यांनी आणखी एक जात. ज्या प्राण्याला मासेमार शतकानुशतके रोज हाताळतात, त्याच्या नव्या जाती एकविसाव्या शतकात मांडल्या जाव्यात, यावरून कामाचा किती भाग बाकी आहे ते कळते.

जिवंत येत पाहिला की काय मिळते? त्याचा पाय गडद पार्श्वभूमीवर फिकट रेषा आणि ठिपक्यांनी भरलेला असतो. ही नक्षी ताज्या प्राण्यातच स्पष्ट दिसते. अल्कोहोलमध्ये ती विटते, आणि वाळलेल्या कवचात अर्थातच काही उरत नाही. हा शिकारी प्राणी आहे. वाळूत किंवा चिखलट वाळूत अर्धा पुरून राहतो आणि शिंपल्याला पायाच्या विळख्यात घेतो. पण ओळखीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट पायाच्या आत असते. गाभण मादीचा पाय चिरला की त्यातून पूर्ण घडलेली पिल्ले बाहेर येतात. कवच पातळ, फिकट, अर्धपारदर्शक. खालच्या बाजूला पाय हलतो आहे. आईच्या कवचावर लेपाखाली गेलेले बाळकवच इथे उघडे, ताजे आणि मोजता येण्यासारखे मिळते. आईची जात निर्विवाद असेल तर तिची पिल्ले त्या जातीच्या बाळकवचाचा नमुनाच ठरतात. झाकलेल्या टोकांचा अर्थ लावायला याहून चांगली गुरुकिल्ली नाही.

या प्रजननाचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. बहुतेक समुद्री गोगलगायींची पिल्ले सुरुवातीला पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या असतात. प्रवाह त्यांना आठवडेच्या आठवडे वाहून नेतो आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवरची वस्ती एकमेकींत मिसळत राहते. येतला ही अवस्था नाही. पिल्लू आईच्या पायातून उतरते ते तिथल्याच वाळूवर, आणि पुढचे आयुष्य फार तर थोडे सरपटून काढते. म्हणून एका उपसागरातला येत पुढच्या उपसागरातल्या येतशी क्वचितच मिसळतो. खोल नदीमुख, खडकाळ पट्टा किंवा पाण्याच्या तापमानात पडलेला फरक एवढ्यानेही दोन वस्त्या अलग पडतात आणि पिढ्यान्पिढ्या वेगळ्या वाटेने जातात. सेनेगल-मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर कोरड्या ऋतूत वारे पृष्ठभागाचे पाणी ढकलतात आणि खालून थंड, पोषक पाणी वर येते. दक्षिणेला गिनीच्या आखाताचे पाणी उबदार. अशा सीमेवर न भटकणाऱ्या प्राण्याच्या जाती गर्दी करून असाव्यात हे नवल नाही. सेनेगलमध्ये अनेक सिम्बियम एकत्र सापडतात ते यामुळे.

हाच नियम आपल्या शंखालाही लागू पडतो. टर्बिनेला पायरमची पिल्लेही अंडकोशातून बाहेर पडतात ती सरपटणारी, तरंगणारी नव्हे. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये या शंखावर प्रबंध लिहिला, आणि वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या शंखांची घडण वेगळी असते याची तपशीलवार नोंद केली. कुणी त्यांना वेगळे वाण म्हणेल, कुणी जाती. पण शंख कुठून आला हे माहीत असल्याशिवाय त्या घडणीचा अर्थ लागत नाही, हे हॉर्नेल यांच्या कामातून स्पष्ट होते. सिम्बियमच्या बाबतीतही जागा हे ओळखीचे एक लक्षणच आहे, चुण्यांइतके आणि टोकाइतके. 'पश्चिम आफ्रिका' एवढेच लिहिलेली चिठ्ठी हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर बोट ठेवते, आणि तेवढ्या किनाऱ्यावर डझनभर जाती आहेत.

एवढ्या बारकाव्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला उत्तर मासेमारीत आहे. येतवर कुटुंबे जगतात. तळाशी लावलेल्या जाळ्यांत तो सापडतो, किनाऱ्यावर बायका त्याचा प्रक्रिया-उद्योग चालवतात, आणि ताजे मांस गोठवून पूर्व आशियाच्या बाजारात जाऊ लागल्यापासून मागणी वाढली आहे. पकडीच्या आकडेवारीत मात्र बहुधा सगळे सिम्बियम एकाच सदरात जातात. एखादी जात घसरणीला लागली आणि दुसरीने ती जागा भरून काढली, तरी एकूण वजन तेवढेच दिसेल. कमी पिल्ले देणारा, न भटकणारा, पिल्ले पोटाशी बाळगणारा प्राणी एखाद्या गावासमोरच्या पाण्यातून संपला, तर दुसरीकडून अळ्या वाहत येऊन ती जागा भरणार नाही. आणि गाभण मादी जाळ्यात आली तर तिच्याबरोबर पुढची पिढीही जाते. म्हणूनच न्यानिंगसारख्या गावांत मासेमारांच्या समित्यांनी मादीच्या पायातून निघालेली पिल्ले परत समुद्रात सोडण्याचा उपक्रम हाती घेतला, त्याला जपानच्या सहकार्याचा हातभार लागला. मला हा उपक्रम मनापासून पटतो. पण सोडलेली पिल्ले कोणत्या जातीची आणि ती कोणत्या पाण्यात गेली, याची नोंद नसेल तर त्यातून शिकायचे बरेच राहून जाते. एका गावची पिल्ले दुसऱ्या गावासमोर सोडणे टाळले पाहिजे, हेही वरच्या विवेचनावरून उघड आहे.

अन्न आणि कृषी संघटनेने १९८१ मध्ये फिशर, बियांकी आणि स्कॉट यांच्या संपादनाखाली पूर्व मध्य अटलांटिकच्या मासेमारीतल्या जातींची ओळखपत्रके काढली, आणि २०१६ मध्ये नव्या मालिकेच्या दुसऱ्या खंडात गोगलगायी पुन्हा घेतल्या. बंदरावरच्या कर्मचाऱ्याला हाताशी धरता येतील अशी ही साधने आहेत. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही, ती वापरताना केवळ चित्राशी चित्र जुळवले जाते त्याविषयी आहे. चित्रातले कवच प्रौढ आणि अखंड, टोपलीतले अर्धवट वाढलेले आणि फोडलेले.

डीएनएची मदत इथे मोलाची ठरेल, पण त्यासाठी अल्कोहोलमध्ये ठेवलेला मांसाचा तुकडा लागतो. तो ज्या कवचातला आहे ते कवचही जपलेले हवे आणि दोन्हींवर एकच क्रमांक हवा. संग्रहालयांत वर्षानुवर्षे जमलेले शंख बहुतांशी कोरडे आहेत. नव्या नमुन्यांसाठी कपाटे नव्हेत, बंदरेच गाठावी लागतील. आणि बंदरावर सर्वांत जाणकार हात प्रक्रिया करणाऱ्या बायकांचे आहेत. कवच, प्राणी आणि पिल्लू ही तिन्ही एकाच वेळी त्यांच्याच हातांखालून जातात. त्यांच्यासाठी एक साधे पत्रक तयार करता येईल. त्यात होडीने जाळे टाकल्याची जागा आणि खोली, खांद्याची कड, टोक उघडे की झाकलेले, चुण्यांची संख्या, पायावरची नक्षी दाखवणारे मोबाइलवरचे एक छायाचित्र आणि पायात पिल्ले होती की नाही, एवढे लिहिले तरी पुरे. कवच फोडण्याआधी टोकाचा फोटो, चिरल्यानंतर पिल्लांचा फोटो. झोआलमध्ये एका हंगामात अशी पत्रके भरली गेली तर ग्लान्स, पेपो, सिम्बियम सिम्बियम आणि मार्मोराटम यांच्या पकडीचे वेगवेगळे आकडे मिळतील, आणि पिल्ले कोणत्या महिन्यात सर्वाधिक सापडतात हेही जातवार कळेल. जाळी कधी थांबवायची हे गावच्या समितीला ठरवायचे असेल, तर तिला लागणारी माहिती हीच आहे.